शेवटच्या गाडीचा कैवार

मोटारसायकलवरून घोळक्याने हिंडणाऱ्या मंडळींविषयी आपल्या समाजात दोनच मते आढळतात. एक मत असे की, ही सारी उनाड, खुशालचेंडू माणसे. आईबापांच्या पैशाचे पेट्रोल जाळतात आणि एक दिवस हातपाय मोडून घेतात. दुसरे मत असे की, हे नव्या युगाचे शिलेदार. घोड्यांच्या जागी गाड्या आल्या, एवढाच काय तो फरक. पहिले मत बहुधा गाडी नसलेल्यांचे असते आणि दुसरे गाडी असलेल्यांचे. माझी एकतीस वर्षे गाडीवर गेली आहेत, आणि तरीही या दोन्ही मतांशी माझे भांडण आहे. ते मी आज ऐन दिवाळीत उकरून काढणार आहे. फराळाचे ताट पुढ्यात असताना दुसऱ्याचे भांडण ऐकायला वाचकांची हरकत नसावी!

प्रथम माझी ओळख करून देते. मी साताऱ्याला राहते, महाविद्यालयात पदार्थविज्ञान शिकवते, आणि वयाची पंचावन्न वर्षे पुरी केली आहेत. आरंभी लूना होती, मग स्कूटर आली, आणि चाळिशी ओलांडल्यावर मी बुलेट घेतली. तेव्हा आमच्या आळीतल्या एका आजींनी माझ्या सासूबाईंकडे जाऊन हळहळ व्यक्त केली होती. सासूबाई म्हणाल्या, “अहो, ती मला शनिवारी मारुतीला घेऊन जाते, तुमचा मुलगा नेतो का तुम्हाला?” तेव्हापासून त्या विषयावर आळीत शांतता आहे.

सहा वर्षांपूर्वी मी एका मोटारसायकल क्लबची सभासद झाले. क्लबचे नाव सांगत नाही. नावाने काही अडत नाही, कारण असे क्लब आता गावोगाव आहेत आणि माझे म्हणणे सर्वांनाच लागू आहे. सारखे टी-शर्ट, पाठीवर गरुडाचे नाहीतर वाघाचे चित्र, रविवारी पहाटे पेट्रोलपंपावर जमणे, आणि एका अर्जावर सही: “मी स्वतःच्या जबाबदारीवर येत आहे.” या शेवटच्या वाक्याकडे वाचकांनी लक्ष ठेवावे. मी त्याच्याकडे पुन्हा येणार आहे.

घोळक्याने जाण्यात आनंद आहे, हे मी आधीच कबूल करते. बोगद्यातून बाहेर पडून सज्जनगडाच्या रस्त्याला लागावे, परळीच्या खोऱ्यात भातलावणी चाललेली असावी, गुडघाभर चिखलात वाकलेल्या बाया आवाज ऐकून क्षणभर उभ्या राहाव्यात, पोरांनी बांधावर धावत येऊन हात हलवावेत. आणि पुढच्या गाडीचा तांबडा दिवा धुक्यात दिसावा, मागच्या गाडीचा पिवळा आरशात दिसावा. एकट्याने हिंडताना मिळत नाही असे काही त्यात आहे. आपण कुणाच्या तरी मध्ये आहोत, ही भावना माणसाला लहानपणी आईबापांच्या मध्ये झोपताना मिळते आणि पुढे फारशी मिळत नाही. म्हणूनच ही मोटारसायकलची खुळे बंद करा असे म्हणणाऱ्यांच्या पंगतीला मी बसणार नाही. माझी तक्रार आतल्या माणसाची आहे.

आता ती गोष्ट सांगते. 2023 सालच्या जुलैमधला एक रविवार. पावसाने सकाळी उघडीप दिली होती, पण वारा मात्र होता. बेत असा की, बोरणे घाट चढून ठोसेघर, आणि तिथून पुढे चाळकेवाडीचे पठार. चाळकेवाडी ज्यांनी पाहिली नसेल त्यांना सांगते: ते पवनचक्क्यांचे पठार आहे. उंच खांबांवर लांबलचक पाती फिरवणाऱ्या त्या यंत्रांच्या रांगाच्या रांगा तिथे उभ्या आहेत. जिथे पवनचक्क्या उभारल्या तिथे वारा असणार, हे कळायला काही पंचांग उघडावे लागत नाही. आम्ही मात्र चौदा गाड्या घेऊन, पावसाळ्यात, त्या पठाराचा वारा “अनुभवायला” निघालो होतो.

मी शेवटच्या गाडीवर होते. अनुभवी माणसाने शेवटी राहावे असा आमचा रिवाज. माझ्यापुढे बावीस वर्षांची एक मुलगी होती. बँकेत नुकतीच लागलेली, पहिल्या पगारातून हप्त्यावर घेतलेली 125 सीसीची हलकी गाडी, आणि अशा सहलीची दुसरीच खेप. घाटात डोंगराचा आडोसा होता. ठोसेघरला आम्ही चहाला थांबलो. टपरीवर प्लॅस्टिकचा कागद फडफड करीत होता, स्टोव्ह विझू नये म्हणून बाईंनी भोवती पत्रे उभे केले होते. चहा देता देता त्या मला म्हणाल्या, “ताई, आज वरती वारं लई हाय. पठारावर जाऊ नगा. काल एका पोराची फटफटी आडवी झाली.”

आमच्या म्होरक्याने ते ऐकले. तो वाईट माणूस नाही. तीस-पस्तीस वर्षांचा, हौशी, सर्वांच्या गाड्यांची हवा स्वतः तपासणारा. तो हसून म्हणाला, “मावशी, आम्ही मराठे आहोत. माघार आमच्या रक्तात नाही.” सगळे हसले. मग त्याने विचारले, “काय मंडळी, जायचं ना? कुणाला भीती वाटत असेल तर सांगा.”

वाचकहो, हा प्रश्न नीट ऐका. यात उत्तराला जागाच नाही. “भीती वाटत असेल तर” या शब्दांनी ज्याचा हात वर जाणार त्याच्या कपाळावर आधीच शिक्का मारून ठेवला आहे. त्या मुलीने माझ्याकडे पाहिले. मॅडम काय म्हणतात, हे ती पाहत होती. मी बोफोर्टचे वाऱ्याचे कोष्टक दरवर्षी शिकवते. सर फ्रान्सिस बोफोर्ट या नौदलाच्या अधिकाऱ्याने 1805 च्या सुमारास केलेले हे कोष्टक उपकरणाशिवाय वारा ओळखायला शिकवते. छत्री सांभाळणे कठीण झाले की सहावी श्रेणी, म्हणजे ताशी 39 ते 49 किलोमीटर. अख्खी झाडे हलू लागली आणि वाऱ्यासमोर चालणे जड जाऊ लागले की सातवी, म्हणजे 50 ते 61. समोरचे आंब्याचे झाड बुंध्यापासून हलत होते. मला आकडा ठाऊक होता. आणि मी गप्प बसले.

का गप्प बसले? चौदांत आम्ही दोघीच बायका होतो. मी “नको” म्हटले असते तर उद्या सगळे म्हणाले असते, “बायका आल्या की असंच होतं.” हे वाक्य ऐकावे लागू नये म्हणून मी एकतीस वर्षे झटले होते. त्या दिवशी ते वाक्य टाळण्यासाठी मी दुसऱ्याच्या मुलीला पुढे घातले. आजच्या या भांडणात पहिला आरोपी कोण, हे वाचकांच्या आता ध्यानात आले असेल.

पुढे काय झाले ते समजायला थोडे गणित लागेल. पण ते भाऊबीजेच्या ओवाळणीच्या हिशेबापेक्षा अवघड नाही. चौदा गाड्या एकामागे एक, प्रत्येकीत तीन सेकंदांचे अंतर. म्हणजे पहिल्या आणि शेवटच्या गाडीत 39 सेकंद. वळणावर सारे ताशी 20 किलोमीटरने जात आहेत, तेव्हा सारी रांग सुमारे 220 मीटर लांब असते. शेवटच्याला पहिला दिसतो. आता पहिला वळणातून बाहेर पडतो आणि ताशी 50 चा वेग धरतो. शेवटचा अजून वळणावर रेंगाळतो आहे. तो बाहेर पडेपर्यंत पहिला 540 मीटर पुढे गेलेला असतो! अंतर अजूनही 39 सेकंदांचेच आहे. कोणी मागे पडलेले नाही. पण डोळ्यांना सेकंद दिसत नाहीत, मीटर दिसतात. शेवटच्याला वाटते, आपण राहिलो. तो 70 चा वेग घेतो. म्हणजे साऱ्या घोळक्यात सर्वांत जोरात कोण जाते? सर्वांच्या मागे असलेला, आणि बहुधा सर्वांत नवा. म्होरक्या शपथेवर सांगेल की मी पन्नासच्या पुढे गेलो नाही, आणि ते खरेही असेल.

त्यात वारा. वारा एकसारखा वाहत असेल तर गाडी सावरते. चालवणारा वाऱ्याच्या अंगाला किंचित कलतो आणि तोल साधतो. घात होतो तो वारा एकाएकी थांबला किंवा एकाएकी आला म्हणजे. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. म्हणून झोताची गोष्ट निराळी. चाळकेवाडीच्या वाटेवर वारा आमच्या उजवीकडून येत होता. ती पोर पुढच्यांना गाठण्यासाठी जोरात निघाली होती, उजवीकडे कललेली. वाटेत एके ठिकाणी रस्ता उंचवट्याला छेद देऊन जातो. त्या आडोशात वारा गपकन नाहीसा झाला, गाडी उजवीकडे झुकली. तिने ती सावरली, आणि सावरता सावरता आडोसा संपला. झोत आला. मी मागून पाहत होते. कुणीतरी हाताने बाजूला सारावे तशी ती गाडी डावीकडे गेली आणि रस्त्याकडेच्या चरात उतरली.

खांद्याजवळचे हाड मोडले, मनगट मोडले. हेल्मेट होते म्हणून डोके वाचले. दुधाचा टेंपो घेऊन येणाऱ्या एका शेतकऱ्याने गाडी थांबवली, कॅन एका बाजूला केले, अंगावरची घोंगडी खाली अंथरली आणि आम्हाला साताऱ्यापर्यंत आणून सोडले. आणि आमचे बारा शिलेदार? ते पवनचक्कीखाली पोचून छायाचित्रे काढीत होते. मागच्या दोन गाड्या आल्या नाहीत हे कळायला त्यांना सतरा मिनिटे लागली. तोवर आम्ही घाटाच्या वाटेला लागलो होतो.

त्यानंतर क्लबची बैठक झाली. तिथे जे म्हटले गेले त्यासाठीच हा लेख आहे. पहिला मुद्दा आला: “तिनं स्वतःच्या जबाबदारीवर सही केली होती.” वा! ज्याला स्वतःच्या जबाबदारीवर जायचे असेल तो एकटा जाईल. त्याला चौदा जणांचा टी-शर्ट कशाला? सोबतीचे सुख सर्वांनी मिळून घ्यायचे आणि सोबतीचे ओझे मात्र ज्याचे त्याने वाहायचे, हा कुठला व्यवहार? लग्नाच्या पंगतीत बसायचे आणि वाढायची वेळ आली की “मी नवऱ्यामुलाकडचा नाही” म्हणायचे, यातला हा प्रकार आहे.

दुसरा मुद्दा: “तिनं वेग सांभाळायला हवा होता.” त्याचे उत्तर वरच्या गणितात आले. तिला वेग घ्यायला आम्ही लावले. रांग कशी बांधावी याचे शास्त्र काही आज निघालेले नाही. नवख्याला म्होरक्याच्या लगेच मागे ठेवावे, म्होरक्याने वळणातून बाहेर पडल्यावर लगेच वेग घेऊ नये, आणि प्रत्येकाने आरशात मागची गाडी दिसते की नाही एवढे पाहावे. ती दिसेनाशी झाली तर थांबावे. प्रत्येक जण एकाच माणसासाठी थांबला तर सारी रांग आपोआप थांबते. यात खर्च शून्य आहे. कमीपणा मात्र वाटतो, आणि खरी अडचण तिथेच आहे.

तिसरा मुद्दा सर्वांत जोरात आला: “असं भ्यायचं असेल तर घरी बसावं. मराठी माणूस माघार घेत नाही.” आता मात्र मला राहवत नाही. माघार आपल्या रक्तात नाही हे कुणी सांगितले? 1665 साली पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी 23 किल्ले मोगलांना दिले. त्यांना का लढता येत नव्हते? मिर्झाराजांचे बळ, मुलखाची होणारी नासाडी आणि आपल्या माणसांचे जीव यांचा हिशेब करून त्यांनी मागे पाऊल घेतले. पाचच वर्षांत, 1670 मध्ये, कोंढाणा परत आला, पुरंदर परत आला. त्याआधी 1660 साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून ते रात्री निसटले, ते काय सहलीला निघाले होते? ज्या राजाच्या नावाने आपण गाडीवर भगवा लावतो, त्याला केव्हा परत फिरावे हे कळत होते, म्हणून राज्य उभे राहिले. आपल्याला त्याचा झेंडा हवा, त्याचा हिशेब नको. आणि एक गोष्ट अशी की, महाराजांसमोर मोगल होते. आमच्यासमोर त्या दिवशी कोण होते? वारा! वाऱ्याला आमचा पराभव करायचा नव्हता. आम्ही आलो की गेलो, याची त्याला दादही नव्हती.

कोणी म्हणेल, बाई, मग तुमचे म्हणणे तरी काय? प्रत्येक टपरीवर सभा भरवायची काय? घोळका म्हटला की एकाने ठरवायचे आणि बाकीच्यांनी मागे जायचे, एरवी चौदा माणसे घराबाहेरच पडणार नाहीत. या आक्षेपात तथ्य आहे, म्हणून त्याचे उत्तर मी माझ्या पदरचे देत नाही. आपल्या घरचेच देते.

आळंदीहून पंढरपूरला जाणारी माउलींची पालखी आमच्या सातारा जिल्ह्यातून जाते. लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे तिचे मुक्काम असतात. त्याच वर्षी जूनमध्ये मी लोणंदला ती पाहायला गेले होते. वारी हा जगातला केवढा मोठा घोळका! लाखो माणसे, दिंडीला क्रमांक, क्रमांकाप्रमाणे चाल, शिस्त अशी की पलटणीने शिकावी. मुक्कामाला पोचल्यावर संध्याकाळी समाजआरती होते. दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात, टाळमृदंगाचा कल्लोळ चाललेला असतो. चोपदार आपला दंड वर करतात आणि सारे एका क्षणात निःशब्द होते. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी गप्प बसत नाही. ती टाळ वाजवत राहते. त्या शांततेत तेवढेच टाळ ऐकू येतात. चोपदार त्या दिंडीकडे चालत जातात, गाऱ्हाणे ऐकतात, त्याचा निकाल लावतात, आणि मग आरती होते. तोवर प्रत्यक्ष माउलीही थांबलेली असते.

या व्यवस्थेत किती शहाणपण भरले आहे ते पाहा. चोपदार “कुणाला भीती वाटत असेल तर सांगा” असे विचारीत नाहीत. तक्रार करणाऱ्याला हात वर करून उभे राहावे लागत नाही, भाषण करावे लागत नाही, धैर्य दाखवावे लागत नाही. जे तो दिवसभर करीत होता तेच त्याने चालू ठेवायचे. बाकीचे थांबलेले असतात. बोलण्याची लाज वाटू नये अशी सोय तिथे आधीच करून ठेवली आहे. आम्ही स्वतःला एकविसाव्या शतकातले म्हणवतो, शिरावर कॅमेरे लावतो, पण एवढी साधी सोय आम्हाला सुचली नाही. टपरीवर मला तोंड होते. पठारावर माझ्या अंगठ्याखाली हॉर्न होता. मी दोन्ही वापरले नाहीत.

तो क्लब मी सोडला. आता आम्ही सात-आठ जण मिळून जातो. नाव नाही, वाघ नाही, टी-शर्ट नाही. नियम एकच: कोणीही, कुठेही, तीन वेळा हॉर्न वाजवला की त्याच्या पुढच्याने तसाच वाजवायचा, आणि निरोप पहिल्या गाडीपर्यंत पोचला की सर्वांनी थांबायचे. वाजवणारा “परत” म्हणाला की परत फिरायचे. कारण विचारायचे नाही. गेल्या पावसाळ्यात आम्ही दोनदा परत आलो. एकदा महाबळेश्वरच्या वाटेवर धुके दाटले होते म्हणून, आणि एकदा कारण अगदीच किरकोळ निघाले. एका मुलाला नुसती थंडी वाजत होती. त्याने ते घरी पोचल्यावर सांगितले. कोणी हसले नाही. हसू आले होते, हे कबूल करते.

आता शेवटची गोष्ट, आणि ती घरात बसून हा अंक चाळणाऱ्या आईवडिलांसाठी आहे. त्या मुलीचे हाड जुळले. मनगटही सुधारले. पण ती रुग्णालयातून घरी येण्याआधीच तिच्या वडिलांनी तिची गाडी विकून टाकली. आता ती बँकेत जायला रोज दोन बस बदलते. वडिलांचा धडा असा: मुलीच्या जातीला गाडी नको. मी त्यांच्यावर रागावू शकत नाही. त्यांना हा धडा आम्हीच शिकवला. पण धडा चुकीचा आहे. ती गाडी चालवण्यात कमी पडली नव्हती. तिच्या पुढची बारा माणसे मागे बघण्यात कमी पडली, आणि तिच्या मागची एक बाई बोलण्यात कमी पडली. त्याची शिक्षा मात्र एकट्या तिला झाली.

आपली मुले रविवारी पहाटे निघतात तेव्हा आपण विचारतो, किती वाजता येणार, हेल्मेट घेतले का, डबा घेतला का. हे विचाराच. त्याखेरीज एवढेही विचारा: तुमच्यात शेवटी कोण असतो, आणि तो थांबला तर तुम्हाला कळते का? याचे उत्तर मुलाला देता आले तर निर्धास्त झोपा. देता आले नाही, तर त्याला गाडी विकायला लावू नका. त्याचा घोळका बदलायला लावा.

या भाऊबीजेनंतरच्या रविवारी मी त्या मुलीच्या घरी फराळाला जाणार आहे. बोलावणे तिच्या आईचे आहे. वडील बोलतील की नाही, माहीत नाही. ठोसेघरच्या टपरीवर मी काय ऐकले, मला काय ठाऊक होते आणि मी काय केले, हे त्यांना आजवर कुणी सांगितलेले नाही. त्यांच्या समजुतीप्रमाणे मी त्यांच्या मुलीला वाचवून आणणारी मॅडम आहे. त्यांच्याकडे दरवर्षी हा अंक येतो असे तिने मला एकदा सांगितले होते. मी जाण्यापूर्वी त्यांनी तो वाचलेला असावा, एवढीच माझी इच्छा आहे. मग त्यांनी दार उघडले, तर गाडीचा विषय मी काढीन.